चुकलेली पै

माउली, आमच्या गंगापूरहून देवगिरी किल्ला फार लांब नाही. गडावर जनार्दनस्वामींचे स्थान आहे. इथेच नाथमहाराजांनी गुरुसेवा केली. एका पैच्या चुकीसाठी रात्रभर हिशेब तपासल्याची कथा आपण कीर्तनात ऐकतोच.

नाथषष्ठीआधी वडिलांना घेऊन गड चढलो. वर पोहोचायच्या घाईत अंधाऱ्या भुयारी वाटेत त्यांना मागे टाकले. स्वामींपुढे हात जोडले, पण मन लागेना. खाली उतरलो. वडील भिंतीला धरून उभे होते.

“झालं दर्शन?” एवढेच त्यांनी विचारले.

त्यांचा हात खांद्यावर घेऊन पुन्हा चढलो. माझ्या हिशेबातली पै तिथे सापडली. माउली, दिंडीत आपण मागच्यासाठी थांबतो. घरच्यांसाठी थांबतो का?

रामकृष्णहरि!