बदली नसलेला पहारा

आपल्याकडच्या खेळांची नावे बहुधा साधनावरून किंवा क्रियेवरून पडलेली असतात. विटीदांडू, सूरपारंब्या, आट्यापाट्या, लपंडाव. त्यांत 'मी' कोठे नसतो. खेळणारे बदलतात, खेळ तसाच राहतो. त्यामुळे 'मी आत जातो आहे' असे एखाद्या खेळाचे नाव असावे, याचे मला प्रथम नवल वाटले आणि पुढे त्या नावाने बराच विचार करायला लावले. नॉर्वेची राजधानी ऑस्लो येथील इनरलूप स्टुडिओज या संस्थेने तयार केलेला आणि आयडॉस या ब्रिटिश कंपनीने २००० सालच्या अखेरीस बाजारात आणलेला हा संगणकीय खेळ. 'प्रोजेक्ट आय. जी. आय.' या नावातली तीन अक्षरे म्हणजे 'आय ॲम गोइंग इन' या वाक्याची आद्याक्षरे. त्या सुमारास आपल्या शहरांतून आणि तालुक्याच्या गावांतून जी सायबर कॅफे निघाली, तेथे हा खेळ इतका खेळला गेला, की आज चाळिशीच्या आसपास असलेल्या कित्येकांना त्यातला डेव्हिड जोन्स हा नायक शाळेतल्या एखाद्या सोबत्यासारखा आठवतो.

जोन्स हा ब्रिटिश सैन्याच्या खास पथकातून बाहेर पडलेला एकांडा माणूस. चोरीला गेलेल्या एका अण्वस्त्राचा माग काढत तो एस्टोनियातल्या लष्करी तळापासून पुढे पुढे जात राहतो. त्याच्या कानाशी रेडिओवरून अन्या नावाच्या स्त्रीचा आवाज तेवढा असतो. बाकी सोबतीला कोणी नाही. गोष्ट म्हणून हे कथानक सामान्यच म्हणायला हवे. खेळाचे सामर्थ्य गोष्टीत नाही, तो खेळवतो कसा यात आहे. बंदूक हाती असूनही ती शक्यतो न चालवणे, आवाज न करणे, दिसू न देणे, भिंतीच्या कडेने सरकत जाणे, हे त्याचे मर्म. लढण्यापेक्षा लपण्याला महत्त्व देणाऱ्या खेळांची ही परंपरा त्याच्याही आधीची आहे. जपानमध्ये हिदेओ कोजिमा यांनी १९८७ साली 'मेटल गिअर' रचला, तेव्हा ज्या यंत्रासाठी तो करायचा होता त्याला पडद्यावर एकाच वेळी फार सैनिक आणि गोळ्या दाखवणे झेपत नव्हते. मग लढाईचा खेळ लढाई टाळण्याचा झाला. अडचणीतून एक नवी रीत जन्माला आली, हे साहित्याच्या अभ्यासकाला काही अपरिचित वाटू नये.

प्रोजेक्ट आय. जी. आय.मध्ये एकंदर १४ मोहिमा आहेत आणि मोहिमेच्या मध्यावर खूण ठेवून थांबण्याची सोय नाही. अर्धा तास दबकत, सरपटत, शिड्या चढत आपण तळाच्या दुसऱ्या टोकाला पोचलेलो असतो. मनोऱ्यावरच्या कोणाची तरी एक गोळी लागते आणि आपण पुन्हा तारेच्या कुंपणाबाहेर, पहिल्या पावलावर. २००३ साली आलेल्या दुसऱ्या भागात अशा मोजक्या खुणा ठेवण्याची सवलत मिळाली. पण पहिल्या भागाची कठोरता तिने कमी केली, असे म्हणणारे जुने खेळाडू अजून भेटतात. मला त्यांचे म्हणणे पटते. जे सहज परत मिळते त्याकडे मनुष्य लक्षपूर्वक पाहत नाही. येथे प्रत्येक कोपऱ्यावर गेलेला अर्धा तास पणाला लागलेला असतो, म्हणून प्रत्येक कोपरा पाहावा लागतो.

आणि पाहायला जागाही पुष्कळ. याच संस्थेने १९९७ साली लढाऊ विमानाचा एक खेळ केला होता. त्यासाठी घडवलेले भूप्रदेश चितारण्याचे तंत्र तिने येथे वापरले. विमानातून पाहण्यासाठी रचलेली भूमी पायी तुडवायला दिली, की ती फार मोठी आणि फार रिकामी वाटते. टेकडीच्या माथ्यावर पालथे पडून दुर्बिणीतून खालचा तळ न्याहाळावा, हातातल्या यंत्रावर उपग्रहाने टिपलेले चित्र पाहावे, कॅमेरे कोठे फिरतात हे ध्यानात घ्यावे आणि मग पहारेकऱ्यांकडे वळावे. त्यातला एक बराकीच्या दारापासून निघतो, मोजकी पावले चालतो, थांबतो, वळतो. दुसरा मनोऱ्यावर खिळल्यासारखा उभा. पाच-सहा वेळा मरून परत आले, की त्या चालत्या माणसाची लय आपल्या अंगात मुरते. तो केव्हा वळणार हे त्याच्याआधी आपल्याला कळते. एखाद्या गवयाने समेची वाट पाहावी तशी आपण त्याच्या वळण्याची वाट पाहतो. इतक्या एकाग्रतेने मी आयुष्यात फार थोड्या माणसांकडे पाहिले असेल. आणि ही सारी एकाग्रता त्याची पाठ केव्हा फिरते, एवढ्यासाठी.

२००२ च्या पावसाळ्यात माझे मामा मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी आमच्याकडे येऊन राहिले होते. सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यातून ते सैन्यात गेले आणि २८ वर्षांनी सुभेदार होऊन परतले. डॉक्टरांनी डोळ्यांना ताण देऊ नका म्हणून बजावले असतानाही काळा चष्मा लावून ते संध्याकाळी माझ्यामागे खुर्ची घेऊन बसत. पडद्यावर काय चालले आहे, हे ते विचारत नसत; त्यांना ते कळत होते. बंदुकीची नावे मला ठाऊक होती, वजने त्यांना. तीन-चार दिवस ते गप्पच होते. मग एकदा, मी दुर्बीण लावून बसलो असताना, मागून म्हणाले,

"अरे, ह्या मनोऱ्यावरच्याची बदली कधी येते?"

मला प्रश्नच उमगला नाही. ते म्हणाले, "तू पाऊण तास झाला बघतोयस. हा हलला नाही. ह्याला सोडवायला कोणी येतं की नाही?"

"येत नाही, मामा. तो तसाच असतो."

"मग ह्यांचा गार्ड कमांडर काय करतो?" असे म्हणून ते हसले. थोड्या वेळाने, कोणी न विचारता, त्यांनी सांगितले. दोन-दोन तासांनी संत्री बदलायचा, ही पद्धत. सीमेवरच्या एका ठाण्यावर ते जवान असताना एका रात्री बर्फाचे वादळ सुटले आणि त्यांच्या जागी येणारा माणूस खालच्या बंकरमधून निघूच शकला नाही. चार तासांहून अधिक वेळ ते एकटे उभे होते. "भीती वाटली?" मी विचारले. "वाटली ना. दुश्मनाची नाही, झोपेची. दुश्मन आला असता तर बरं, जाग तरी राहिली असती." एवढे बोलून ते उठले आणि डोळ्यांत थेंब घालायची वेळ झाली म्हणून आत गेले.

त्यांनी त्या खेळाची निंदा केली नाही, माझी तर नाहीच. उलट एका मोहिमेत मी उघड्यावरून धावत सुटलो, तेव्हा "आड घे, आड घे" म्हणून तेच ओरडले होते. पण मी ज्या पडद्याकडे येणाऱ्याच्या डोळ्यांनी पाहत होतो, त्याच पडद्याकडे ते उभ्या असलेल्याच्या डोळ्यांनी पाहत होते, आणि ती जागा मला तोवर दिसलीच नव्हती. 'मी आत जातो आहे' या वाक्याचे व्याकरणच असे, की त्यात आत असणाऱ्याला स्थान नाही.

मराठीत या दोन पाहण्यांना दोन शब्द आहेत. शेताची राखण करतात, माणसावर पाळत ठेवतात. डोळे तेच, जागरण तेच, कान देणेही तेच. पण राखणीत जे पाहायचे त्याला काही होऊ नये अशी इच्छा असते, आणि पाळतीत जे पाहायचे त्याला काही करायचे असते. मामांनी लहानपणी ज्वारीच्या शेतात माळ्यावर बसून गोफणीने पाखरे राखली होती. सैन्यात त्यांनी दोन्ही केले असणार. पण आठवण सांगताना ते राखणीचीच सांगत. जुन्या काळी इंग्रजांच्या फलटणीतला देशी शिपाई अंधारात चाहूल लागली की 'हुकुमदार!' म्हणून ओरडे. 'हू कम्स देअर' या इंग्रजी हाकेचे ते आपल्या जिभेवर वळलेले रूप. त्या हाकेत दरारा आहे, पण मुळात तो एक प्रश्न आहे. कोण येते आहे, हे पहारेकऱ्याला ठाऊक नसते. येणाऱ्याला मात्र पहारेकऱ्याविषयी सारे ठाऊक असते. दोघांमधला हा फरक बंदुकांच्या फरकापेक्षा मोठा आहे.

आमच्या पिढीला हा फरक जाणवू नये, अशीच आमची श्रवणभक्ती घडलेली होती. १६६३ सालचा लाल महालावरचा छापा असो की फेब्रुवारी १६७० मधला सिंहगड, ऐकणारा नेहमी चढणाऱ्याबरोबर असतो. दोराला हात त्याचाच, धपापणारी छाती त्याचीच. ते योग्यही आहे. ज्यांचे घर गेले होते ते आपले घर परत घेत होते. उदेभान राठोडाचे नाव इतिहासात राहिले, कारण तो किल्लेदार होता. पण त्या थंडीच्या रात्री तटावर ज्याची पाळी होती, ज्याची बदली बहुधा पहाटे यायची होती, त्याचे नाव कोणत्या पोवाड्यात शोधायचे? आपण त्याच्या बाजूचे नाही. म्हणून तो तेथे नव्हता, असे मात्र होत नाही.

त्यानंतरही मी तो खेळ खेळत राहिलो आणि चौदाही मोहिमा पुऱ्या केल्या. बदल झाला तो एवढाच, की एखाद्या मोहिमेत किती पहारेकऱ्यांना हात न लावता पलीकडे जाता येईल, हे मी पाहू लागलो. ते फार अवघड आहे. काही ठिकाणी निर्मात्यांनी त्याला वावच ठेवलेला नाही. आणि एक विलक्षण गोष्ट तेव्हा ध्यानात आली. धोक्याची घंटा वाजली, की बराकीतून सैनिक बाहेर पडतात. ते पडले, की आणखी येतात. त्या लहानशा बराकीत मावणार नाहीत इतके येत राहतात. खेळाच्या परीक्षणांत हा दोष म्हणून नोंदला गेला आहे, आणि तांत्रिक दृष्टीने तो दोषच. मला मात्र त्यात एक कडवट सत्य दिसले. मरायला माणसे पाठवायची असली की बराक कधी रिकामी होत नाही. तीच बराक मनोऱ्यावर उभ्या असलेल्या एकट्याला सोडवायला एकही माणूस पाठवत नाही.

लपंडावात जो शोधतो त्याच्यावर 'राज्य' आले, असे आपण म्हणतो. लहानपणी या शब्दाचे कोडे वाटे. डोळे मिटून भिंतीशी उभे राहायचे, सगळे लपलेले आणि आपण उघड्यावर, यात राज्य कसले? पण ज्याच्यावर भार त्याच्यावर राज्य, हे मुलांना मोठ्यांआधी कळलेले असावे. त्या खेळाचा दुसरा नियम त्याहून शहाणपणाचा आहे. राज्य फिरते. जो सापडतो तो भिंतीशी उभा राहतो आणि आतापर्यंत शोधणारा आनंदाने पळत जाऊन लपतो. एकाच संध्याकाळी प्रत्येकाला दोन्ही जागा अनुभवायला मिळतात, म्हणून अंधार पडल्यावर सगळे एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून घरी जाऊ शकतात. एस्टोनियातल्या त्या मनोऱ्यावर राज्य कायमचे आहे. मोहीम पुन्हा सुरू केली, की तो तेथेच असतो, त्याच पवित्र्यात, आपण त्याला किती वेळा मारले याची गंधवार्ता नसलेला. कितीही कुशल खेळाडू असो, त्याला त्या शिडीने वर चढून जाता येते. पण 'तू जा, आता मी उभा राहतो,' एवढे वाक्य त्याला कोणत्याही कळीने म्हणता येत नाही.