तिकिटाएवढी खिडकी

मामांच्या पत्र्याच्या पेटीतलं कुठलंही पाकीट उजेडाकडे धरलं, की उजव्या कोपऱ्यातून पलीकडचं दिसतं. तिथे तिकीट होतं. ते मी कापलं.

तेव्हा मी आठ-नऊ वर्षांचा असेन. तिकिटं जमवायचा नाद लागला होता आणि औरंगपुऱ्यातल्या मामांच्या घरी टपाल भरपूर येई. मामा चित्रकलेचे शिक्षक. दिवसा मुलांना एलिमेंटरी-इंटरमीजिएटसाठी तयार करायचे; रात्री जेवणं आटोपली की लिनोचा तुकडा मांडीवर घेऊन कोरत बसायचे. छापयंत्र नव्हतंच. शाई लावलेल्या लिनोवर कागद ठेवून चमच्याच्या पाठीनं घोटायचा, एक कोपरा उचलून आत डोकवायचं, छाप फिकी वाटली तर पुन्हा टेकवून घोटायचं. दिवाळी आणि नवं वर्ष जवळ आलं की त्यांच्यासारखीच माणसं आपापली छापलेली कार्डं पाठवत. नांदेडचा एक मित्र, सोलापूरचा एक, मुंबईचे दोघे आणि फर्दापूरचे एक मास्तर. पोस्टमन दारातून "गुरुजी!" अशी हाक मारायचा आणि मी कात्री शोधायला धावायचो.

"पाकीट सांभाळून रे," एवढंच मामा म्हणत. माझा हात त्यांनी कधी धरला नाही.

तिकिटाबरोबर शिक्का गेला आणि शिक्क्याबरोबर तारीख. ही माणसं पत्राच्या डोक्यावर तारीख घालायची नाहीत. "मंगळवार, रात्र" किंवा "पाऊस थांबल्यावर", बस्स. आता मामा नाहीत, पेटी माझ्याकडे आहे, आणि कोणतं पत्र कुठल्या पत्राचं उत्तर हे लावत मी रात्री बसतो. प्रत्येक पाकिटाला तिकिटाएवढी एक खिडकी, आणि त्या खिडकीतून माझंच बोट दिसतं.

छापचित्राला आवृत्ती असते. खाली डाव्या कोपऱ्यात पेन्सिलीनं ३/१२ लिहिलं, म्हणजे बारांतली ही तिसरी प्रत. एक भिजली, एक वाळवीनं खाल्ली, तरी दहा घरांत चित्र जिवंत. पत्राला मात्र एकच प्रत. ज्यांचं सगळं काम प्रतींचं, त्यांचं बोलणं मात्र एकुलत्या एका कागदावर राहतं, ही गोष्ट मला पेटी आवरताना पहिल्यांदा जाणवली आणि मग डोक्यातून जाईना. मामांना ती आधीच कळली असावी. महत्त्वाचं पत्र लिहिताना ते खाली कार्बन घालत. त्या निळ्या, पुसट नकला पेटीत आहेत, आणि मामांचं अक्षर त्यांच्या पाकिटांपेक्षा त्या नकलांतच जास्त सापडतं. बरोबरच आहे म्हणा. आपण लिहिलेलं पत्र आपल्या घरात नसतंच. ते दुसऱ्याच्या घरी असतं. त्यानं जपलं तर आपण उरतो.

आमच्या जिल्ह्याच्या वाट्याला तर हे फार मोठ्या प्रमाणावर आलं. अजिंठ्याची चित्रं भिंतीवर आहेत, पण ती बघून वेडी झालेली माणसं कागदावर आहेत, आणि ते कागद साता समुद्रापार. १८१९ साली जॉन स्मिथ नावाच्या शिकारी साहेबानं दहा नंबरच्या लेण्यातल्या चित्रावर आपलं नाव नि तारीख कोरली, तिथून हा सिलसिला सुरू होतो. पुढे जेम्स फर्ग्युसननं ही चित्रं नाहीशी होण्याआधी उतरवून घ्या म्हणून कंपनी सरकारच्या मागे धोशा लावला, आणि १८४४ मध्ये मद्रास फौजेतला रॉबर्ट गिल अजिंठ्यात येऊन राहिला. पळसखेडच्या ना. धों. महानोरांनी 'अजिंठा' लिहिलं आणि गिल व त्याची प्रेयसी पारो मराठी घराघरांत गेले. मला मात्र गिलच्या गोष्टीचा दुसरा, कोरडा भाग ओढतो. सामानासाठी आणि पैशासाठी सरकारी रिवाजातल्या भाषेत चाललेला तो पत्रव्यवहार. भिंतीवरच्या पद्मपाणीचा रंग डोळ्यांत घेऊन हा माणूस कॅनव्हासची वाट बघत बसला असेल, आणि कागदावर मात्र 'विनंती अर्ज' एवढंच उमटलं असेल. त्यानं तेलरंगात उतरवलेल्या भव्य प्रती लंडनला गेल्या, सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लागल्या आणि ३० डिसेंबर १८६६ला तिथल्या आगीत जवळजवळ सगळ्या जळाल्या. गिल तेव्हा हयात होता. वीस वर्षांच्या कामाची राख झाल्याची बातमी त्याला कुठल्यातरी पाकिटातूनच मिळाली असणार. ते पाकीट फोडणाऱ्या हाताचा मी पुष्कळदा विचार करतो. १८७९ साली तो गेला. त्याची कबर भुसावळला आहे.

त्यानंतर मुंबईच्या जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स १८७२ ते १८८५ या काळात पेस्तनजी बोमनजींसारख्या विद्यार्थ्यांना घेऊन येत राहिले. त्यांच्याही प्रती लंडनला साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात गेल्या, आणि १८८५च्या जूनमध्ये तिथेही आग लागून कितीतरी नष्ट झाल्या. ग्रिफिथ्स यांनी १८९६-९७ मध्ये दोन जाडजूड खंड छापून काढले. छापले म्हणून ते जगभर पसरले; कुठल्याही एका आगीला आता ते सगळे एकदम सापडणार नाहीत. पुढे जपानी चित्रकारांनी १९१७-१८ मध्ये घेतलेल्या नकलाही १९२३च्या तोक्योच्या भूकंपात गेल्या. भिंत मात्र वाघूरच्या काठावर आहे तिथेच आहे, पापुद्रे सुटत असले तरी.

या सगळ्यांत माझा जीव जडला आहे तो लेडी क्रिस्टियाना हेरिंगहॅम यांच्यावर. ही बाई स्वतः चित्रकार. जुन्या इटलीत अंड्याच्या बलकात रंग कालवून कसं रंगवत, हे शोधण्यासाठी तिनं चेन्निनो चेन्निनीच्या पोथीचं इंग्रजी भाषांतर केलं, ते १८९९ मध्ये आलं. १९०३ साली इंग्लंडात चांगली चित्रं देशाबाहेर जाऊ नयेत म्हणून संग्राहकांचा निधी उभा राहिला, त्यात पहिला मोठा पैसा तिनं घातला. अशी ही संग्राहकांतली संग्राहक १९०९ ते १९११च्या दरम्यान दोन हिवाळे लेण्यांजवळच्या आमच्या फर्दापूरला तंबू ठोकून राहिली. निजाम सरकारनं तिची सोय केली. भगिनी निवेदितांच्या आग्रहानं कलकत्त्याहून नंदलाल बोस, असितकुमार हालदार, व्यंकटप्पा आणि समरेंद्रनाथ गुप्त ही तरुण मुलं आली. हैदराबादेकडून सय्यद अहमद आणि मुहम्मद फजलुद्दीन आले. अंधारात, वटवाघळांच्या वासात, शिडीवर चढून सगळे रेषा मोजत होते. नंदलाल पुढे आयुष्यभर साध्या पोस्टकार्डावर दोन-चार फटकाऱ्यांत चित्र काढून माणसांना पाठवत राहिले. त्या पोस्टकार्डांतली रेषेची काटकसर मला सतरा नंबरच्या लेण्यातून आलेली वाटते. हे माझं वाटणं आहे, पण ते मी सोडणार नाही.

लेडी हेरिंगहॅम यांनी लंडनच्या आपल्या एका चित्रकार मित्राला अजिंठा बघायला बोलावलं. त्याचं नाव विल्यम रोथेनस्टाइन. हा माणूस शिळाछाप करणारा. ऑक्सफर्डच्या मंडळींची त्याची शिळाछाप व्यक्तिचित्रं १८९० नंतरच्या वर्षांत गाजली होती. १९१० मध्ये तो आला, फर्दापूरला पोचला, लेणी बघितली, आणि हिंदुस्थान हिंडत कलकत्त्याला गेला. तिथे जोडासांकोच्या वाड्यात त्याची एका कवीशी गाठ पडली. १९१२च्या उन्हाळ्यात तो कवी आपल्या कवितांच्या इंग्रजी भाषांतराची वही घेऊन लंडनला उतरला. वहीची बॅग भुयारी रेल्वेत राहून गेली आणि नशिबानं हरवलेल्या वस्तूंच्या कचेरीत परत सापडली. रोथेनस्टाइननं त्या वहीच्या टंकलिखित प्रती करून मित्रांना टपालानं धाडल्या. त्याच वर्षी इंडिया सोसायटीनं 'गीतांजली' ७५० प्रतींत छापली. ही सोसायटी उभी करण्यात लेडी हेरिंगहॅम यांचाही हात होता, आणि याच सोसायटीनं १९१५ मध्ये त्यांच्या अजिंठ्याच्या नकलांचा ग्रंथ काढला. जळगाव स्टेशनावर उतरून बैलगाडीच्या रस्त्यानं फर्दापूरला आलेल्या एका निमंत्रणाचा धागा असा नोबेलपर्यंत जाऊन पोचला. आमच्या तालुक्यातल्या शाळेत हे कुणी कधी शिकवलं नाही.

ग्रंथ निघाला, पण ज्यांनी जीव ओतला त्यांना त्याचं सुख लाभलं नाही. १९११ मध्ये परततानाच लेडी हेरिंगहॅम यांचं मन बिघडलं. कुणीतरी आपल्या मागावर आहे असं त्यांना वाटू लागलं. उरलेली अठरा वर्षं आजारातच गेली, १९२९ मध्ये त्या वारल्या. आजारपणात त्या गप्प झाल्या म्हणून आधीची त्यांची पत्रं अधिक मोलाची. रोथेनस्टाइननं आलेला कागद टाकला नाही. टागोरांची, चित्रकारांची, संग्रहालयवाल्यांची, त्याला आलेली पत्रं आज अमेरिकेत हार्वर्डच्या हौटन ग्रंथालयात आहेत. मेरी लॅगो या अभ्यासक बाईंनी आधी टागोर-रोथेनस्टाइन पत्रव्यवहार संपादित केला आणि मग १९९६ मध्ये लेडी हेरिंगहॅम यांचं चरित्र लिहिलं. एका माणसानं पाकिटं जपली म्हणून दुसरीचं आयुष्य लिहिता आलं.

मुकुल डे यांची गोष्ट मामांना तोंडपाठ होती, कारण डे हेही छापचित्रकारांच्या कुळातले. १९१६ मध्ये टागोरांबरोबर जपानला आणि तिथून अमेरिकेला गेलेला हा मुलगा शिकागोत जेम्स ब्लॅन्डिंग स्लोन यांच्याकडे एचिंग शिकला. तिथल्या सोसायटी ऑफ एचर्सचं सगळं काम बर्था जॅक्स या बाई सांभाळत. स्वतः एचिंग करायच्या, आणि देशभरच्या कलावंतांना, संग्राहकांना पत्रं लिहून छाप मागवायच्या, प्रदर्शनं फिरवायच्या. म्हणजे तेव्हा अख्खी संस्था टपालाच्या तिकिटावर चालत होती. तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा थर, त्यावर सुईची रेघ, मग आम्लात बुडवणं, ही विद्या हातात घेऊन मुकुल डे परतले आणि १९१९ मध्ये अजिंठ्याला आले. पुढे लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये शिकले, तिथे प्राचार्य होते रोथेनस्टाइनच. १९२५ मध्ये अजिंठा आणि बाघच्या लेण्यांच्या आपल्या यात्रांचं त्यांचं पुस्तक लंडनहून निघालं. मामा म्हणायचे, "ड्रायपॉइंट करणाऱ्या माणसानं अजिंठ्याची रेषा बघायलाच हवी." ड्रायपॉइंटमध्ये सुईनं तांबं उकरताना रेघेच्या कडेला धातूची बारीक कोर उभी राहते, शाई तिथे धरते, आणि रेघ मखमली येते. प्रत्येक छापागणिक ती कोर दबत जाते. पहिल्या काही प्रतींतच ती मऊ सावली मिळते. अजिंठ्याच्या भिंतीवरच्या सावळ्या राजकन्येच्या खांद्याची कड मामा असं बोटानं हवेत काढून दाखवत.

एक सल मात्र आहे. सय्यद अहमद पुढे लेण्यांचे क्युरेटर झाले, तिथेच राहिले. १९२० नंतर निजामाच्या पुरातत्त्व खात्याच्या गुलाम याझदानींनी इटलीहून चेक्कोनी आणि ओर्सिनी यांना आणून सुटलेले पापुद्रे बसवून घेतले, १९३० ते १९५५ दरम्यान चार खंड काढले. या सगळ्या काळात शिडी धरणारे, पांढऱ्या कापडानं ऊन आत वळवणारे, पाणी आणणारे फर्दापूर-लेणापूरचे लोक होते. ते इतरांच्या पत्रांत येतात, आणि तेही 'माणसं' म्हणून. पत्रसंग्रहात जागा मिळायला दुसऱ्या टोकाला कागद जपणारं घर लागतं, आणि आधी लिहायला अक्षर लागतं.

म्हणून मामांच्या पेटीतली फर्दापूरच्या मास्तरांची पत्रं मी सर्वांत वर ठेवली आहेत. जि. प. शाळेतले मास्तर. हिवाळ्यातल्या रविवारी वही घेऊन लेण्यांत जायचे आणि रात्री स.न.वि.वि. करून मामांना लिहायचे. आज सतरा नंबरला रखवालदारानं कापड धरलं तेव्हा छतावरचा हंस कसा निळा झाला. दोन नंबरमध्ये मागच्या पावसानंतर एका पाकळीचा तुकडा कसा गेला. गेलेला तुकडा किती मोठा, हे दाखवायला त्यांनी पत्रातच पेन्सिलीनं तो काढला आहे, नखाएवढा. खाली क.लो.अ. आणि एक लिनोचा छाप, ३/१२. हा तुकडा कधी पडला? पत्रावर लिहिलंय, "बुधवार."

परवा माळ्यावरून माझा तिकिटांचा आल्बम काढला. मुखपृष्ठावरचा गोंद पिवळा पडलाय. पहिल्या पानावर १९४९च्या मालिकेतलं तीन पैचं तिकीट, अजिंठ्याच्या हत्तीचं, तेही मामांनीच दिलेलं. मी तिकिटं पाण्यात भिजवून सोडवायचो नाही. तेवढा धीर नव्हता. कागदासकट कापून चिकटवायचो. त्या अधीरपणाचे आज मी आभार मानतो. एकेका तिकिटाच्या पाठीला पाकिटाचा तुकडा आहे, वर अर्धवट शिक्का आहे, आणि माझ्या कात्रीची वेडीवाकडी कड प्रत्येक ठिकाणी वेगळी आहे.

मास्तरांच्या बुधवारच्या पत्राचं पाकीट करड्या रंगाचं. आल्बममध्ये करड्या कागदाची सात तिकिटं निघाली. चार बसली नाहीत. पाचवं कोपऱ्यात धरलं, कडेला कड लागली, आणि पाकिटावर उरलेल्या काळ्या अर्धवर्तुळाला त्याचा दुसरा अर्धा येऊन मिळाला. वर फर्दापूर. मध्ये, जरा पुसट पण वाचता येईल अशी, तारीख.