हात की पाय

आजी ‘हात’ म्हणायची. पेपरात ‘पाय’ छापून येतं. दोन डगरींवर हात ठेवू नये, की दोन डगरींवर पाय ठेवू नये? गेले तीन आठवडे मी या एका शब्दाच्या मागे लागले आहे. ज्या निमित्ताने लागले ते इथे सांगण्यासारखं नाही. घरातलं बोलणं होतं, पानावर बसून झालेलं, आणि बोलणाऱ्याला ते आता आठवतही नसेल. मला मात्र तेव्हापासून घासागणिक खडा लागतोय.

डगर म्हणजे नदीने कातरून काढलेला उभा काठ. वर गवत, खालून पोखरलेला. पुण्यात तो आता बघायला मिळायचा नाही. मुठेला भिंती आहेत, पात्रात रस्ता आहे, आणि पावसाळ्यात खडकवासल्यातून पाणी सोडलं की त्या रस्त्यावर मोटारी अडकतात. त्यामुळे म्हण वापरणाऱ्यांपैकी बहुतेकांनी डगर पाहिलेली नसते. मीही फारशी पाहिलेली नाही.

पण दोन डगरींवर हात ठेवायचा तर माणूस पाण्यात हवा, हे उघड आहे. आणि दोन्हीकडे हात पुरायचे तर ती नदी नव्हेच, ओहळ असणार. आता पाण्यात पडलेला माणूस दोन्ही बाजूंना हात टाकतो तो काही लबाडीने नाही. त्याला बुडायचं नसतं. पाय ठेवणाऱ्याची गोष्ट वेगळी. तो कोरडा असतो. तंगड्या फाकवून वर उभा, खालून पाणी चाललंय, आणि कुठल्या काठावर उतरायचं ते सोयीने ठरवणार. हात आणि पाय यांत एवढा फरक असताना दोघांना एकच शिवी कशी?

आजी तरी कुठे विचार करून बोलायची. दोन वाड्यांत भांडण लावून दोन्हीकडचा चहा पिणारी बाई, मुलाकडे आणि जावयाकडे आळीपाळीने राहणारे तिचे थोरले दीर, १९६९ साली काँग्रेस फुटली तेव्हा दोन्ही गटांच्या सभांना पुढच्या रांगेत बसणारे आमच्या वाड्यातले एक गृहस्थ, सगळे एकाच दावणीला. “दोन डगरींवर हात,” आणि वर नाकाला पदर. थोरल्या दिरांना दुसरी जागाच नव्हती, हे मला फार उशिरा कळलं.

तर ही म्हण डोक्यात घेऊन मी मागच्या जूनमध्ये बार्सिलोनाच्या जुन्या बंदरात एका कॅटमरानवर चढले. तेव्हा ती डोक्यात नव्हती, खरं सांगायचं तर. आता मागे वळून बघताना मी ती तिथे नेऊन ठेवतेय. लेक तिथे आठ वर्षं आहे. आईला एकदा तरी समुद्रावर जेवायला न्यायचं असं तिच्या मनात होतं. संध्याकाळी निघायचं, किनाऱ्याकिनाऱ्याने जायचं, बोटीवरच जेवण, रात्री परत. मी पिशवीत भडंग घेतलं होतं. तिने ते पाहिलं आणि काही बोलली नाही.

बंदराबाहेर पडताना कोलंबसाचा खांब दिसतो, १८८८ सालचा, साठ मीटर उंच. वर कोलंबस उभा, हाताने समुद्राकडे दाखवतोय. अमेरिका बरोबर त्याच्या पाठीमागे आहे. तिथले लोक यावर हसतात. मला हसू आलं नाही, कारण तो बिचारा निघाला होता आपल्याकडे यायला. त्या हिशेबाने त्याचं बोट फारसं चुकलेलं नाही. लेक म्हणाली, “आई, तू पुण्याचं सगळीकडे जमवतेस.”

पुढची गोष्ट मला जमवता आली नाही. समुद्रात सूर्य बुडतो, हे मी अलिबागला शिकले. इथे समुद्र पूर्वेला. सूर्य मावळला तो शहरामागच्या डोंगरात, तोही जवळजवळ साडेनऊला. दिवे लागायच्या कितीतरी आधी जेवण आटोपलं. चौविहार पाळणाऱ्या आमच्या शेजारणीला जून महिन्यात ही जागा फार सोयीची पडेल. दुसरं म्हणजे भरती-ओहोटीचा पत्ता नाही. जिब्राल्टरची फट सगळ्यात अरुंद जागी १४ किलोमीटरची, तिच्यातून महासागराची भरती आत येऊन येऊन किती येणार? बार्सिलोनाला फरक पडतो तो वीतभर. अलिबागला आम्ही ओहोटीची वेळ बघून कुलाबा किल्ल्यात चालत जायचो आणि पाणी वाढायच्या आत चालत परत यायचो. परत यायची वेळ समुद्र ठरवायचा. ज्या समुद्राला ओहोटीच नाही, तो कुणाला परत फिरायला सांगत नाही. हे वाक्य मला तिथे सुचलं तेव्हा खोल वाटलं होतं. आता तेवढं वाटत नाही.

कॅटमरान मला नवी नव्हती. गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या कॅटमरानमध्ये मी कितीदा बसले आहे. पाऊणएक तासाचा रस्ता, पुढे अलिबागपर्यंत बस, पावसाळ्यात बंद. पण तिच्यात आपण एसटीत बसल्यासारखे बसतो आणि थंडीच्या दिवसांत मागे लागलेल्या पांढऱ्या पक्ष्यांना वेफर टाकतो. ती बोट खाली दोन पायांवर उभी असते हे मला बार्सिलोनाला कळलं. दोन लांबट होड्या, त्यांच्यावर एक पाट, आणि पुढच्या बाजूला दोघींच्या मध्ये जाळं ताणलेलं. जाळ्यावर लोक लोळतात. खालून समुद्र पळत असतो.

शब्द मूळचा तमिळ. कट्टु म्हणजे बांधणं, मरम म्हणजे लाकूड. चार ओंडके एकत्र बांधले की झालं कट्टुमरम. त्यात दोन होड्यांचा संबंधच नाही. कोरोमंडलच्या किनाऱ्यावर कोळी त्यावर बसून लाटांतून जायचे, ते गोऱ्यांनी पाहिलं, शब्द उचलला आणि पुढे भलत्याच बोटीला चिकटवला. दोन होड्या जोडण्याची युक्ती प्रशांत महासागरातल्या बेटांवरच्या लोकांची. नाव एकाचं, बांधणी दुसऱ्याची. १८७६ साली अमेरिकेत हेरेशॉफ नावाच्या बोटबांधणाऱ्याने अशी जोडबोट बांधली, ‘अमॅरिलिस’. न्यूयॉर्कच्या शर्यतीत ती इतकी पुढे गेली की तिला आणि तिच्यासारख्यांना शर्यतीतूनच बाद केलं. दोन डगरींवर पाय ठेवणाऱ्यावर लोक चिडतात ते तो पडतो म्हणून, की पडत नाही म्हणून?

पडत नाही, हे आमच्या नावाड्यानेही सांगितलं. पन्नाशीचा कॅटलान माणूस. पिकलेला टोमॅटो अर्धा कापून पावावर घासायचा, वर तेल, वर मीठ. हे त्यांचं खास खाणं. मी म्हटलं, कोशिंबीर करायचा कंटाळा. लेकीने ते भाषांतर करून सांगितलं नाही. त्याचं बोलणं मात्र सांगितलं. एका तळाची शिडाची बोट वाऱ्याने कलते, माणसं घाबरतात, पण तिच्या तळाशी वजन असतं, म्हणून ती पुन्हा उभी राहते. ही कलत नाही. ग्लाससुद्धा सांडत नाही. पण कधी उलटलीच, तर उलटी होऊनही तितकीच स्थिर. आपली आपण सरळ होत नाही.

हे सांगून तो आणखी पाव घेऊन आला.

आमच्याकडे याच्या मधलं काहीतरी आहे. मालवणकडे होडीच्या एका अंगाला आडवे दांडे काढून त्यांच्या टोकाला लाकूड बांधलेलं असतं. त्याला उलांडी म्हणतात. होडी एकच, उलांडी तिचा तोल धरते. माणसं होडीत बसतात, मासे होडीत पडतात, उलांडी नुसती पाण्याला टेकून सोबत चालते. ती काढली तर होडी बुडेलच असं नाही, पण लाटेवर तिचं काही खरं नाही. मी त्या जाळ्यावर बसून याचाच विचार करत राहिले. आठ वर्षांनंतर पुणं लेकीची होडी असेल की उलांडी? सणाला फोन, आंब्याच्या दिवसांत दहा दिवस, कोथरूडच्या बँकेतलं एक खातं. उलांडीच. मग वाटलं, माझं काय? मी महिन्यातले निम्मे दिवस तिथली वेळ धरून जेवते. तिथे पाऊस पडला तर इथे छत्री शोधते.

पेशवाईत पुण्याला स्वतःचा असा जलविहार होता. पर्वतीखाली नानासाहेबांनी तळं करवलं, मध्ये बेट राखलं. पुढे १७८४ साली सवाई माधवरावांच्या काळात त्या बेटावर गणपती बसला, तो तळ्यातला गणपती. आज तिथे तळं नाही, सारसबाग आहे, बाहेर पावभाजी आहे. संध्याकाळी पेशवे नावेतून फिरत आणि गुप्त खलबतं तिथेच चालत, असं सांगतात. वल्हवणारे हबशी, मराठी न कळणारे, मुद्दाम नेमलेले. खरं-खोटं इतिहासवाल्यांनी बघावं. मला त्यातली सोय आवडते. काठावर भिंतींना कान असतात. पाण्यावर आपण दोघं आणि ज्याला आपलं बोलणं कळत नाही असा तिसरा.

आमचाही नावाडी मराठी न कळणारा. म्हणूनच असेल, लेक तिथे बोलली. स्पेनमध्ये दहा वर्षं राहिलं की नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो. दक्षिण अमेरिकेतून आलेल्यांना दोनच वर्षं पुरतात, कारण ते जुने घरचे. आपण दहावाले. आणि ते घेतलं की इकडचा पासपोर्ट परत करायचा, कारण आपल्या कायद्यात दोन नागरिकत्वं नाहीत. परत केल्याचा कागद मिळतो, त्याला सरेंडर सर्टिफिकेट म्हणतात. मग ओसीआय कार्ड, म्हणजे आजन्म व्हिसा. येता येईल, राहता येईल, मत देता येणार नाही. दोन वर्षं आहेत अजून, असं ती म्हणाली, विमानाला अजून दोन तास आहेत म्हणावं तसं. मी तिला भडंग दिलं. तिने खाल्लं. शेजारच्या जर्मन बाईलाही दिलं.

आता मी कुठे होते? डगरीवर.

माझ्या डोक्यात डगर म्हटलं की पानशेत. १२ जुलै १९६१. सकाळी पानशेतचं धरण फुटलं, ते पाणी खडकवासल्यावर आलं, तेही टिकलं नाही. मी तीन वर्षांची. आम्ही नारायण पेठेत राहायचो. आई मला घेऊन माहेरी, एरंडवण्यात गेली होती. बाबा पेठेत. लकडी पूल पाण्याखाली गेला, मुठेवरचे बाकीचेही गेले, आणि तेवढा वेळ शहराची दोन शहरं झाली. आई मला कडेवर घेऊन उंचावर उभी आहे, पलीकडे गर्दी, त्या गर्दीत पांढऱ्या सदऱ्यातला एक माणूस दोन्ही हात वर करून हलवतोय, आणि आई म्हणतेय, “ते बघ बाबा.” मध्ये तांबडं पाणी, त्यावर कपाटं, म्हशी, एक पाळणा. हे मला लख्ख दिसतं. पुढचे कित्येक दिवस नळाला पाणी नव्हतं, वाड्यांतल्या विहिरी उपसून लोक पाणी भरायचे. कळशीचा तो आवाजही येतो कानात. माझ्या लेखी दोन डगरींवर हात ठेवलेला माणूस म्हणजे ते बाबा. किंवा आई. दोघांपैकी कुणाचाच हात पोचत नव्हता, तरी दोघांनी वर केले होते. बोटीवर मी हे लेकीला पुन्हा एकदा सांगितलं. तिने शंभरदा ऐकलंय. त्या दिवशी तिने विचारलं, “मग बाबा इकडे आले की तुम्ही तिकडे गेलात?” मला सांगता येईना. कधी हा प्रश्न पडलाच नव्हता.

परवा आईला विचारलं. नव्वदीला आली आहे. डोळे गेले, पण हिशेब पक्का. आधी विचारलं हात की पाय. ती म्हणाली, तुझी आजी ‘हात’ म्हणायची कारण तिला स्वैपाकघरात बसून बोलायचं असायचं, पायाचं बोलणं अन्नाजवळ करत नाहीत. एवढंच कारण असेल तर माझे तीन आठवडे वाया गेले.

मग पुराचं विचारलं. कोण आलं, कोण गेलं?

“पूर आला तेव्हा आपण पुण्यात कुठे होतो?” आई म्हणाली. “सासवडला होतो, सुमाच्या बारशाला. चार दिवसांनी आलो. तुझे बाबाही बरोबर होते.”

“मग तो हात हलवणारा?”

“कुठला हात हलवणारा?”

मी सगळं सांगितलं. सदरा, पाळणा, “ते बघ बाबा.” ती ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, “वत्सलाबाई सांगायच्या असं काहीतरी. त्या होत्या त्या दिवशी पुलाशी. त्यांचे मिस्टर की दीर होते पलीकडे.” थोडा वेळ गेला. “की सासवडला आपण पुढच्या वर्षी गेलो? सुमा साठची की एकसष्टची?”

सुमामावशीच्या मुलीला मी फोन लावला आहे. तिथे आता पहाट असेल, ती ऑस्ट्रेलियाला असते.