न वाजवलेला ठोका

सत्तरच्या दशकातील प्रोग्रेसिव्ह रॉककडे आपल्याकडील साहित्याचे अभ्यासक सहसा फिरकत नाहीत. लांबलचक रचना, विषम मात्रांचे हिशेब आणि कर्कश वाद्यमेळ, असाच त्याविषयीचा सर्वसाधारण समज आहे. मला मात्र त्यातील ड्रमवादन, आणि तेही प्रत्यक्ष मैफलींच्या ध्वनिमुद्रणांतील, फार जवळचे वाटते. या जवळिकीचे मूळ संगीतात कमी आणि माझ्या गावात अधिक आहे.

माझे वडील चिंचवडच्या एका लहान कारखान्यात पॉवर प्रेसवर कामाला होते. पत्रा साच्यात सरकवायचा आणि ठोका पडण्याआधी हात मागे घ्यायचा. दोन ठोक्यांमधील तेवढीच जागा त्यांच्या वाट्याची. एका रात्रपाळीत ठोका वेळेआधी पडला आणि उजव्या हाताची दोन बोटे गेली. भोसरी-चाकण पट्ट्यात असे हात आजही दिसतात. यंत्राची लय कितीही अचूक असली, तरी तिला समोरचा माणूस ऐकू येत नाही.

मैफलीतील वादकाला तो ऐकू येतो. किंग क्रिम्झन या इंग्लिश वाद्यवृंदाची ‘ट्रिओ’ ही उत्स्फूर्त रचना २३ नोव्हेंबर १९७३ रोजी अ‍ॅमस्टरडॅमच्या मैफलीत ध्वनिमुद्रित झाली. व्हायोलिन, बास आणि मेलोट्रॉन हलकेच एकमेकांत मिसळत असताना ड्रमवादक बिल ब्रुफर्ड शेवटपर्यंत एकही ठोका देत नाही. तरीही १९७४ च्या तबकडीवर सहरचनाकार म्हणून त्याचे नाव आहे. गप्प राहण्याचा त्याचा निर्णय सहकाऱ्यांनी रचनेचाच भाग मानला.

हे आपल्याला परके वाटू नये. रूपक तालात समच खालीवर येते. मुंबईच्या झाकिर हुसेन यांचा सहभाग असलेल्या ‘शक्ती’ची पहिली तबकडी १९७५ च्या अमेरिकेतील मैफलीची आहे. तीतील अतिद्रुत लयीतही तबला आणि घटम एकमेकांसाठी जागा सोडताना ऐकू येतात.

माझ्या वर्गात रात्रपाळी करून येणारी मुले असतात. कवितेतील विराम शिकवताना त्यांना ‘ट्रिओ’ ऐकवावेसे वाटते. दोन ठोक्यांमधील जागा माणसाच्या स्वाधीनही असू शकते, एवढे तरी त्यांच्या कानी पडावे.