दुसऱ्याचे पाणी

रानात जाऊन राहण्याची हौस मनुष्यास बहुधा घरी आरामखुर्चीत पुस्तक वाचता वाचता लागते. निदान आम्हांस ती तशीच लागली. थोरोचे ‘वॉल्डन’ आम्ही वर्षानुवर्षे वर्गात शिकवीत आलो आहोत. १८४५ साली तो तळ्याकाठी झोपडी बांधून राहावयास गेला आणि दोन वर्षे दोन महिने तेथे राहिला, हे सांगताना आमचा स्वर नेहमी थोडा चढतो. त्याचे गाव तेथून पायी जाण्याच्या टप्प्यात होते, ही गोष्ट मात्र आम्ही तास संपत आल्यावर सांगतो.

तेव्हा परीक्षा आटोपताच चौदा विद्यार्थी-विद्यार्थिनींची टोळी घेऊन आम्ही मेळघाटात सिपना नदीच्या काठी तीन दिवसांच्या मुक्कामास गेलो, याचे खापर थोरोच्या माथी फोडावयास हरकत नाही. मेळघाट हा महाराष्ट्रातील पहिला व्याघ्रप्रकल्प. तो १९७४ साली स्थापन झाला. त्याच्या गाभ्यात वाटेल त्यास वाटेल तेथे तंबू ठोकता येत नाही, आणि येत नाही हेच उत्तम. आम्ही उतरलो ते हद्दीबाहेर, एका वृद्ध कोरकू कास्तकाराच्या शेतालगत, त्याच्या संमतीने.

सिपना म्हणजे कोरकू भाषेत साग. चैत्रात तो साग निष्पर्ण झालेला होता आणि नदी तर जवळजवळ नव्हतीच. सातपुड्यातील या नद्या पावसाळ्यात तापीस मिळण्याच्या घाईत असतात. उन्हाळ्यात त्यांचे नुसते गोटे व वाळू उरते आणि मधूनमधून एखादा डोह. अशाच एका डोहापासून दहा पावलांवर, अर्जुनवृक्षांच्या दाट सावलीत, आम्ही चार तंबू उभारले. पलीकडे उभी दरड होती. पाण्यात उतरण्यास सोपा असा उतार आमच्याच बाजूस होता. जागा आम्हीच निवडली, व तिच्याबद्दल आम्हांस अभिमान वाटला.

नळ नाही, दिवा नाही, भिंत नाही. पिण्याच्या पाण्यासाठी वाळूत हातभर खड्डा खणून झिरा केला. त्यात पाझरलेले पाणी उकळून प्यावयाचे. शेकोटी आम्ही निक्षून वर्ज्य केली. वाळलेल्या सागपानांच्या रानास एक ठिणगी पुरते. मोहाची फुले वेचणे सुलभ व्हावे म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवितात, त्यातूनही वणवे लागतात. मुलांचे चेहरे उतरले. शौचविधीसंबंधी तर आम्ही एका अमेरिकन मार्गदर्शिकेच्या आधारे रीतसर व्याख्यानच दिले : पाण्यापासून निदान २०० फूट दूर जावे, वीतभर खोल खड्डा करावा, वर माती लोटावी. आमच्या शेलीवरील व्याख्यानापेक्षा ते पुष्कळच लक्षपूर्वक ऐकले गेले.

सायंकाळी शेताचा धनी आला. त्याने तंबू पाहिले, डोह पाहिला आणि म्हणाला, “सायेब, इथं नका निजू. वावरात या. हे पानी रातच्याला दुसऱ्याचं हाये.”

आम्ही म्हटले, “बाबा, आम्ही गडबड करणार नाही. डोह काय थोडा आहे?”

“वर-खाली दोन कोस दुसरा नाही,” एवढे बोलून तो गेला.

अठ्ठावीस वर्षे वर्गात उभे राहिल्याने आम्हांस एक खोड जडली आहे. उत्तर दुसऱ्याने आधी दिले की ते बरोबर आहे हे आमच्या ध्यानात उशिरा येते. त्यातून तंबू ठोकून झालेले होते.

पौर्णिमा जवळ आली होती. मध्यरात्रीच्या सुमारास घंटेवर एकच ठोका पडावा तसा ‘ढांक्’ असा आवाज आला. सांबर! मुले तंबूंच्या फटींतून पाहू लागली. सहल सार्थकी लागली असे आम्हांसही वाटले. डोहाच्या वरच्या टोकास, वाळूवर, एक सांबरीण व तिचे पाडस उभे होते. तिने पुढचा पाय जमिनीवर आपटला, चार पावले पुढे टाकली. इतक्यात कोणीतरी खोकले आणि ती दोघे दिसेनाशी झाली. तासाभराने ती पुन्हा आली. या खेपेस आमच्या भांड्यांवर कोणाचा तरी पाय पडला. तिसऱ्या खेपेस कोणीही हलले नाही, श्वासही रोखून धरले. पण वाराच आमच्याकडून तिकडे वाहत होता. त्यानंतर फक्त दुरून, रानातून, तो एक एक ठोका ऐकू येत राहिला. आम्ही उशाशी भरलेली सुरई घेऊन पडलो होतो. पहाटेपर्यंत आम्हांस झोप लागली नाही आणि पाणीही पिववले नाही.

सकाळी वाळूवर सारे लिहिलेलेच होते. मोठे खूर आणि लहान खूर तीनदा येऊन वीस पावलांवरून तीनदा वळले होते. म्हातारा आला, वाकून पाहिले, काही बोलला नाही. आम्ही स्वतःचे समाधान करण्यासाठी ती मार्गदर्शिका उघडली. शौचाविषयीच्या पानाच्या आदल्याच पानावर म्हटले होते की तंबूही पाण्यापासून २०० फूट दूर ठोकावा. त्या ओळीखाली पेन्सिलीची रेघ होती, आणि पेन्सील आमचीच.

तंबू कापणी झालेल्या शेतात हलविले. तेथे सावली नव्हती. धसकटे चटईतून टोचत. एका विद्यार्थ्याने तक्रार केली, “सर, बुद्धपौर्णिमेला तर लोक मुद्दाम पाणवठ्यावर रात्रभर बसून प्राणी मोजतात!” आम्ही म्हणालो, “ते मचाणावर बसतात, मुकाट्याने, आणि सोबत खिचडीचे पातेले नेत नाहीत.” तो हसला नाही. दुसऱ्या रात्री कोणास काहीच दिसले नाही. तीन दिवसांची सहल आणि पाहिले काय, असे घरी विचारतील, ही त्याची चिंता अगदीच खोटी नव्हती.

निघण्याच्या दिवशी आम्ही पहाटे एकटेच डोहावर गेलो. आमच्या तंबूच्या खुंट्यांची भोके ओल्या मातीत तशीच होती. त्यांतल्या एकावर सांबराचा खूर पडून ते अर्धे बुजले होते आणि त्याच्या शेजारी पाडसाचा लहान खूर, थेट पाण्यापर्यंत.