कागदावर न आलेली वर्षं

डिसेंबर १८७४. शिरूर तालुक्यातलं कर्डे गाव. काळूराम नावाच्या सावकाराने दीडशे रुपयांच्या कर्जापोटी बाबासाहेब देशमुखांच्या घरावर कोर्टाचा हुकूमनामा मिळवला आणि राहतं घर पाडायला काढलं. गाव खवळलं, पण कुणी काठी उचलली नाही. गावकऱ्यांनी त्याला वाळीत टाकलं. न्हावी दाढी करेना, पाणक्या पाणी भरेना, गडी कामावर येईना. हे लोण गावोगाव गेलं. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातल्या सुप्याला त्याचा भडका उडाला आणि पुढे ठिकठिकाणी सावकारांचे रोखे आणि खतं चव्हाट्यावर जळू लागली. सरकारने पुणे आणि नगर जिल्ह्यांत मिळून ९५१ माणसं धरली, चौकशी आयोग बसवला, आयोगाने अहवाल लिहिला. १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा आला.

त्या आयोगाचा अहवाल मी मांडवगण फराट्याला, माझ्या घरात बसून वाचला. आमच्याकडे शेतीपंपाला रात्रीची लाईट असते. उसाला दारं धरायला जायचं तर बिबट्याच्या भीतीने सोबत लागते, आणि सोबती येईपर्यंत, लाईट येईपर्यंत हातात मोबाईल असतो. त्याच पडद्यावर माझ्या तालुक्याचा दीडशे वर्षांपूर्वीचा संताप उमटला. पूर्वी अशा कागदासाठी पुणं गाठावं लागायचं. भारत इतिहास संशोधक मंडळ, पुणे पुराभिलेखागारातलं पेशवे दफ्तर, डेक्कन कॉलेजचं ग्रंथालय. दिवस मोडायचा, भाडं मोडायचं, आणि शेतकऱ्याला हंगामात दिवस मोडणं परवडत नाही. आता कॅम्पबेलने संपादित केलेल्या गॅझेटिअरचे पुणे जिल्ह्याचे तिन्ही भाग घरात उघडतात. सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात छापून घेतलेले पेशवे दफ्तराचे पंचेचाळीस खंड उघडतात. टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने ठेवलेले अमेरिकन लष्कराचे जुने नकाशे उघडतात आणि त्यांत चिंचणीचं घोड धरण व्हायच्या आधीची आमची घोड नदी दिसते.

या जुन्या पुस्तकांची पानं कुणीतरी एक एक करून यंत्राखाली धरलेली आहेत. एखाद्या पानाच्या कडेला त्या माणसाचा अंगठाच उमटलेला असतो. मजकुराच्या दोन ओळी त्याखाली झाकल्या जातात, तरी मला त्या अंगठ्याचा राग येत नाही. त्या अनोळखी माणसाने दिवसभर उभं राहून पानं उलटली, म्हणून शिरूरच्या शिवारात ती मला वाचता आली.

शोधायचं मात्र शिकावं लागतं. रोमन लिपीत मांडवगण जो तो वेगळं लिहितो. त्यात श्रीगोंद्याकडे दुसरं मांडवगण आहे, त्याचे कागद आपले समजून हुरळून जायला होतं. म्हणून मी गावाचं नाव सोडून नदी धरतो. भीमा आणि घोड यांच्या बेचक्यातली गावं, तांदळी, इनामगाव, गणेगाव, पलीकडे दौंडची थडी, अशी शेजारपाजारची नावं टाकत गेलं की आपलं गाव कुठेतरी डोकावतं.

असं वाचत गेलो आणि एक गोष्ट मनात घर करून बसली. गाव कागदावर येतं ते संकटात किंवा हिशेबात. फौज थडीथडीने गेली की कागद. भीमेवरच्या पेडगावच्या बहादूरगडावर १६८९ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांना कैद करून आणलं, त्याचे कागद. १ जानेवारी १८१८ ला कोरेगावला लढाई झाली, त्याचे कागद. १८७६-७७ चा दुष्काळ पडला, त्याचे तक्ते. १८३५ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापुरापासून जमिनीची नवी मोजणी सुरू केली, तेव्हापासून शेताशेताची प्रत, आकार, सारा. जुनी माणसं गावाचे दोन भाग सांगायची, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. दफ्तराने काळी सोडली नाही, कारण काळी सारा देत होती. पांढरीत कोण जन्मलं, कोण कशाने हसलं, याच्याशी दफ्तराला कर्तव्य नव्हतं. ज्या वर्षी पाऊस वेळेवर आला, ज्वारी भरली, वाघेश्वराची यात्रा धडाक्यात झाली, पोरींची लग्नं निर्विघ्न पार पडली, त्या वर्षाचा कागद सापडत नाही. सुखाचं वर्ष कुणाकडे अर्ज घेऊन जात नाही.

मग पांढरीचं काय झालं, याचं उत्तर आमच्याच शेजारी निघालं. घोड नदीच्या काठावर इनामगावला पांढरीची टेकाडं आहेत. डेक्कन कॉलेजच्या हसमुख सांकलिया, झैनुद्दीन अन्सारी आणि मधुकर ढवळीकर यांनी १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन केलं आणि १९८८ साली त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० इतक्या काळाची वस्ती तिथे उलगडली. लोखंडाच्या आधीची, तांब्या-दगडाची, अक्षर माहीत नसलेली माणसं. त्यांच्या शंभराहून अधिक घरांच्या जमिनी निघाल्या. चुली निघाल्या, जळालेले सातू निघाले, धान्याची कोठारं निघाली, पुराचं पाणी वळवणारा पाट आणि दगडी बांधही निघाला. मातीची बिनडोक्याची देवी आणि तिच्यासोबत बैल. इसवी सनापूर्वी हजारच्या सुमाराला पाऊसमान घटलं, चौकोनी ऐसपैस घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या, शेतीचा भरवसा कमी झाला आणि शिकार वाढली, असं ढवळीकरांनी मांडलं. दुष्काळ आमच्या मुलखाला किती जुना आहे, हे वाचताना अंगावर काटा येतो.

पण मनात सर्वात खोल गेली ती मुलांची दफनं. लहान मूल गेलं की दोन रांजण आडवे ठेवून तोंडाला तोंड लावायचे, त्यात मूल ठेवायचं आणि घरातच, जमिनीखाली पुरायचं. स्मशानात नाही, शिवाराबाहेर नाही, स्वयंपाक होतो त्या घरात. वरून रोजची पावलं पडणार, दळण होणार, दुसरी मुलं रांगणार. जॉन लुकॅक्स आणि सुभाष वाळिंबे यांनी तिथल्या हाडांचा आणि दातांचा अभ्यास केला. त्या आईचं नाव कुठल्याही दफ्तरात नाही, पण तिने काय केलं ते मातीने तीन हजार वर्षं जपलं. कर्ड्याच्या कागदात नावं आहेत, रक्कम आहे, तारीख आहे. इनामगावच्या मातीत यातलं काहीच नाही, आणि तरी एका घराचं दुःख तिथे जास्त स्पष्ट वाचता येतं.

कागदावरही कधीमधी रोजचं जगणं आलं, ते कुणीतरी मुद्दाम विचारलं म्हणून. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे हॅरॉल्ड मान यांनी कानिटकरांसोबत आमच्याच तालुक्यातलं जातेगाव बुद्रुक घराघराने अभ्यासलं आणि १९२१ साली पुस्तक काढलं. जमिनीचे तुकडे कसे पडत गेले, कर्ज किती, मिळकत किती, खर्च किती. बहुतेक घरांचा जमाखर्च जुळत नव्हता. तिथे बंड नव्हतं, लढाई नव्हती, तरी गावाची नोंद झाली, कारण माणूस उंबऱ्यापाशी जाऊन बसला आणि विचारलं.

आणि बायका? सात-बारा, गॅझेटिअर, मोजणी, कुठेही त्या जवळजवळ नाहीत. त्या सापडल्या जात्यापाशी. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी गावोगाव हिंडून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या आणि २०१७ पासून ‘पारी’ या संकेतस्थळाने त्या जगापुढे ठेवल्या. त्यांत शिरूर तालुक्यातल्या सविंदण्याच्या बायकांचे आवाजही आहेत. रात्री कानाला इयरफोन लावून मी ते ऐकतो. माहेर, पाऊस, पोटचं पोर, विठ्ठल. कुठल्या साहेबाने टेबलामागून नोंदवावं असं त्यात काही नाही, आणि पांढरी जिवंत ऐकू येते ती तिथेच.

म्हणून आता मी शोधतो तितकंच लिहितोही. सरकारच्या महाभूनकाशा या संकेतस्थळावर गाव काढलं की गट नंबर दिसतात. १९४७ च्या तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाच्या कायद्यानंतर जुने सर्व्हे नंबर जाऊन हे गट आले. लोक मात्र शेताला नंबराने हाक मारत नाहीत. प्रत्येक तुकड्याला मळ्याचं, ओढ्याचं, झाडाचं नाव आहे आणि ती नावं फक्त सत्तरी ओलांडलेल्यांच्या तोंडी उरलीत. मी गट नंबरासमोर ते नाव लिहितो. विहीर कुणी खणली, पाणी किती पुरुषांवर लागलं, भीमेचं पाणी पाइपलाइनने आलं तेव्हा पहिलं बेणं कुठलं लावलं, यात्रेला पोळ्या कुणाच्या घरी लाटायच्या, ऊसतोडीची टोळी कुठून यायची आणि रात्री कोपीपुढे काय गायची. हे सगळं विचारायला मी आजींच्या पायाशी बसतो, मोबाईलचं रेकॉर्डिंग त्यांना सांगून सुरू करतो, आणि नंतर वही आणि आवाज दोन्ही अशा ठिकाणी चढवतो की कुणालाही मिळावेत.

माझी एवढीच इच्छा आहे की शंभर वर्षांनी कुणी आपल्या घरात बसून मांडवगण शोधलं, तर त्याला फक्त कर्ज, दुष्काळ आणि वाटणीचे वाद सापडू नयेत. ज्वारी भरलेली आणि घरं हसलेली, असं एखादं सरळ साधं वर्षही त्याच्या हाती लागावं. ते आज लिहून ठेवणं हे आमचं काम आहे.