बसलेलं पाणी

गगनबावड्याकडं पावसानं जोर धरला की पंचगंगा तांबडी होते. घाटावर म्हणतात, ‘नवं पाणी आलं.’ तेव्हा सगळ्यांना बरंच वाटतं. काळजी सुरू होते ती जुलै सरता सरता.

जपानीत गढूळ, उसळत्या प्रवाहाला ‘दाकुर्यू’ म्हणतात. तिकडच्या नद्या आखूड आणि उताराच्या, डोंगर सोडला की समुद्रापर्यंत धावत सुटणाऱ्या. आमच्या पंचगंगेला कसली घाई? कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती यांचं पाणी प्रयाग चिखलीला एकवटतं आणि सपाटीवर रेंगाळत नृसिंहवाडीला कृष्णेला मिळतं. कृष्णाच तुडुंब असेल तर हिनं जायचं कुठं? ती मागं फुगते. कोल्हापूरचा पूर अंगावर धावून येत नाही, येऊन बसतो. पाहुणा असता तर हाकलता तरी आला असता.

राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट पाणी म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका. हे इथं शाळकरी पोरांनाही पाठ. २०१९च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांवर गेलं, २०२१च्या जुलैत ५६च्याही वर. धोक्याच्या आधी शिवाजी पुलावर पूर बघायला ही गर्दी! भाजलेली कणसं, मोबाईल, खांद्यावर पोरं. मीही जातो, खोटं कशाला बोलू.

कोल्हापूरच्या सुतारवाड्यातल्या माणसाला पूर बघायला जावं लागत नाही. जयंती नाला उलटा फिरतो आणि पाणी गटारीतून आवाज न करता वर चढतं. आधी उंबऱ्याला टेकतं. मग भांडी माळ्यावर, गॅसची टाकी कुणाच्या तरी खांद्यावर, आणि बिऱ्हाड चित्रदुर्ग मठात.

पाणी उतरलं की गाळ. बघायला मऊ, पण काढायला महाचिवट. डब्यांच्या झाकणांत, कुलपाच्या भोकात, शिलाई मशीनच्या दातऱ्यांत शिरलेला. फरशी चारदा धुतली तरी पाचव्यांदा बादली तांबडीच. फुगलेली कपाटं उघडत नाहीत, आणि उघडली तर आतली कागदपत्रं एकमेकांना चिकटलेली.

गाळानं जमीन सुपीक होते, हे पुस्तकात ठीक. नदीकाठचा शेतकरी पाणी ओसरताच आधी उसाचा पोंगा उकलून बघतो. आत गाळ बसला असेल तर तो ऊस कुजणार. वरून हिरवागार दिसला तरी त्याचं काही खरं नाही.